कान दाबला, पण पाय पाहिला का?

गेल्या गणेश चतुर्थीच्या रात्री आमच्या गावच्या बैठकेत झाकरी चालली होती. ढोलकीचा ताल तोच, गाणी तीच. पण फेरात नेहमी पुढे असणाऱ्या चार बायका या वेळी भिंतीला लागून खुर्च्यांवर बसल्या होत्या. एकीचे गुडघे, दुसरीची कंबर, तिसरीच्या हाताची बोटे, चौथीची मान. जवळ जाऊन पाहिले, तर चौघींपैकी तिघींच्या कानांवर बारीक चौकोनी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, आणि गाणे ऐकता ऐकता त्यांची बोटे त्या पट्ट्या दाबीत होती.

हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. बसमध्ये, बाजारात, शाळेच्या शिक्षक-खोलीतसुद्धा असे कान दिसू लागले आहेत. चिकटपट्टीच्या तुकड्याखाली मोहरीएवढी एक बी असते. ती कानाच्या ठरावीक जागी लावायची आणि दिवसातून काही वेळा बोटाने दाबायची, म्हणजे दुखणे कमी होते, असे सांगतात. याला ॲक्युप्रेशर म्हणतात. फ्रेंच पुस्तकांतून वाचणारे ओरिक्युलोथेरपी म्हणतात. सुई नाही, गोळी नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही. स्वतःचा कान आणि स्वतःचे बोट.

वाचकहो, याला हसून सोडून द्यावे, की डोक्यावर घ्यावे? माझ्या मते दोन्ही चूक आहे. माझ्या घरात या उपायाचे बरेही पाहिले आणि वाईटही पाहिले. म्हणून हा विषय आज आपणांपुढे ठेवीत आहे.

दुखणे इतके का वाढले?

आपल्या आजी-पणजींनी उसाच्या मळ्यात पाठ वाकवली. १९७० च्या कायद्यानंतर निर्यातीचे कारखाने उघडले, तेव्हा आपल्या आया आणि बहिणी शिवणयंत्रापुढे बसल्या. दहा-दहा तास एकाच जागी मान खाली घालून काम केले. आता त्या साठी-सत्तरीला आल्या आहेत आणि त्या कामाची वसुली शरीर करीत आहे.

त्यात चिकुनगुन्याची भर पडली. २००५-०६ च्या साथीत शेजारच्या रीयुनियन बेटावर लोकसंख्येच्या सुमारे एक-तृतीयांश लोकांना हा ताप आला होता, आणि आपल्याकडेही घरोघर माणसे आजारी पडली होती. २०२५ साली रीयुनियनमध्ये पुन्हा मोठी साथ आली आणि आपल्या बेटावरही रुग्ण सापडले. चिकुनगुन्या हा शब्द आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला आहे. दुखण्याने माणूस वाकून जातो, असा त्याचा भाव. ताप आठवड्यात उतरतो, पण काही जणांचे सांधे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे दुखत राहतात.

तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकते किंवा पुन्हा पुन्हा येते, त्या दुखण्याला वैद्यक जुनाट दुखणे म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, अशा दुखण्याला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. नुसत्या कंबरदुखीचा हिशेब पाहिला, तरी २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक तिने त्रस्त होते.

मग गोळ्या आहेत ना? आहेत; पण त्यांचेही खाते आता तपासले जात आहे. इंग्लंडमधील नाइस या संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले, की ज्या जुनाट दुखण्याला दुसरे स्पष्ट कारण सापडत नाही, त्यासाठी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनच्या जातीची औषधे किंवा अफूपासूनची औषधे नव्याने सुरू करू नयेत. त्याऐवजी व्यायाम, मनोपचार, काही वेळा ॲक्युपंक्चर यांचा विचार करावा. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन दिले. त्यातही अफूची औषधे नित्याची म्हणून नाकारली, आणि समजावून सांगणे, व्यायाम, मालिश यांना पुढे आणले.

आपल्या बेटाच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट आहे. येथे पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बराच काळ घेतल्या, तर पोटात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ज्यांचे मूत्रपिंड मधुमेहाने आधीच थकलेले आहे, त्यांना ही भीती जास्त. तेव्हा गोळीला कंटाळलेल्या माणसाचा हात कानाकडे गेला, तर त्यात नवल नाही. तो भाबडेपणा म्हणता येणार नाही. बिचारा दुसरा रस्ता शोधीत असतो.

हा उपाय आला कोठून?

‘आपल्या ऋषींनी हे सारे आधीच सांगितले होते, म्हणून तर आपण कान टोचतो,’ असे आपल्या मंडळींत मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. मला आपल्या परंपरेचा अभिमान कमी नाही. पण शिक्षिकेने खरे तेच सांगावे. सुश्रुतसंहितेत कर्णवेधाचा विधी आहे. बाळाचे रक्षण आणि दागिना, हे त्याचे हेतू तेथे दिले आहेत. गुडघ्याची जागा कानावर कोठे, असा नकाशा तेथे नाही.

तो नकाशा काढला फ्रान्समधील लियों शहराच्या डॉ. पॉल नोजिए यांनी. त्यांच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांच्या कानावर डाग दिल्याची खूण दिसे. मार्सेय शहरातील एक बाई कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळेवर कानाला डाग देत असे, आणि रुग्ण सांगत की आराम पडला. डॉ. नोजिए यांनी त्यावर विचार केला आणि १९५७ च्या सुमारास आपले म्हणणे प्रसिद्ध केले. कान म्हणजे आईच्या पोटात उलटे असलेले बाळ, अशी त्यांची कल्पना. पाळीच्या जागी डोके, आतल्या उभ्या कण्यावर पाठीचा मणका, वरच्या बाजूला पाय. पुढच्याच वर्षी ही कल्पना चीनमध्ये पोचली आणि तेथील वैद्यांनी ती आपल्या पद्धतीत बसवून घेतली. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने लियों येथेच सभा घेऊन कानावरच्या जागांची नावे एकसारखी केली. पण नावे ठरली म्हणून गुण सिद्ध झाले, असे नव्हे. शाळेत हजेरीपटावर नाव असणे वेगळे आणि परीक्षा पास होणे वेगळे.

गुण येतो का?

येतो, पण का येतो हे नीट पाहिले पाहिजे.

आपले मूल धडपडले आणि गुडघा आपटला, की आपण काय करतो? तो चोळतो. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी मांडले, की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. स्पर्शाचा आणि दाबाचा संदेश गेला, की दुखण्याच्या संदेशाला ते फाटक थोडे बंद होते. ती कल्पना पुढे पुष्कळ सुधारली गेली. पण मेंदू दुखण्याचा आवाज कमी-जास्त करू शकतो, हे तिने सर्वांना दाखवून दिले. कानात तर नसांची दाटी आहे. मानेतून येणारी नस आहे, चेहऱ्याची नस आहे, आणि हृदय व पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेची एक शाखाही कानाच्या वाटीत येते. कान साफ करताना कित्येकांना खोकला येतो, तो त्याच शाखेमुळे. तेव्हा कान दाबल्याने शरीरात काहीच होत नाही, असे म्हणता येणार नाही.

तरीही नेमक्या जागेचे महत्त्व किती, हा प्रश्न उरतोच. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर सुयांच्या ॲक्युपंक्चरचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००७ साली आले. खऱ्या जागी सुया टोचलेल्यांपैकी शंभरात सुमारे ४८ जणांना सहा महिन्यांनी फरक पडला. भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत ४४ जणांना, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांत २७ जणांना. हा प्रयोग अंगावरच्या सुयांचा होता, कानाचा नव्हे. पण धडा आपल्या कामाचा आहे. उपचाराने फायदा झाला. मात्र जागा खरी की खोटी, याने फारसा फरक पडला नाही.

कानाविषयी अमेरिकेत कर्करोगातून बरे झालेल्या ३६० लोकांवर प्रयोग झाला आणि २०२१ साली तो छापून आला. या लोकांना जुनाट स्नायूदुखी होती. कानात बारीक सुया बसवलेल्यांचे दुखणे नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगले उतरले. पण त्यांच्यापैकी दहात सुमारे एकाने कान दुखण्यासारख्या त्रासामुळे उपचार मध्येच सोडला. या सुया शिकलेल्या माणसांनी लावल्या होत्या, हेही लक्षात ठेवावे. घरी बी लावून बोटाने दाबण्याचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांतही काहींना आराम मिळालेला दिसतो. पण ते बहुतेक लहान आहेत.

म्हणून माझे म्हणणे असे. कान दाबणे म्हणजे दुखणाऱ्या गुडघ्यावर हात फिरवण्याचा धाकटा भाऊ. दाब, विसावा, लक्ष दुसरीकडे वळणे, आणि ‘माझ्या दुखण्यावर मला स्वतःला काही करता येते’ हा धीर. त्यातून आराम येतो. हा आराम खोटा नाही. पण तो आराम आहे, निदान नव्हे. नकाशात गुडघ्याची जागा दाबल्याने गुडघ्याची झिज भरून येत नाही.

घरातले दोन अनुभव

माझ्या मोठ्या बहिणीला चिकुनगुन्यानंतर सकाळी हाताची मूठ मिटेना. डॉक्टरांनी तपासून औषध दिले. तिने त्याच्या जोडीला उठल्या उठल्या कान दाबणे, कोमट पाण्यात हात बुडवणे आणि बोटांचे व्यायाम सुरू केले. मी तिला एक वही दिली. रोज दुखणे दहापैकी किती, आणि गोळ्या किती, एवढेच लिहायचे. चार महिन्यांत रोजच्या दोन गोळ्यांवरून ती फक्त वाईट दिवसाच्या एका गोळीवर आली. कानामुळे, पाण्यामुळे की काळामुळे, हे वहीवरून सांगता येत नाही. पण गोळ्या कमी झाल्या आणि पुन्हा पोळ्या लाटता येऊ लागल्या, हे मात्र वहीत आहे.

दुसरा अनुभव मावशीचा. तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह. तिच्या पायांची आग होई, रात्री झोप लागत नसे. एका विक्रेत्याकडून तिने बियांची डबी आणि कानाचा रंगीत नकाशा आणला. ‘मुळापासून जाईल’ असे त्याने सांगितले होते. मावशीला नीट दिसत नाही, म्हणून नकाशा पाहून पायाच्या जागी बिया चिकटवणारे हात माझेच होते. दर आठवड्याला मी जात असे आणि नव्या बिया लावीत असे. महिन्याभरात आग कमी झाली. मावशीने मला आशीर्वाद दिला, आणि मीही शाळेत चार जणींना ही गोष्ट सांगितली.

दुसऱ्या महिन्यात तिला ताप आला. इस्पितळात नेले. डॉक्टरांनी मोजा काढला, तर अंगठ्याखाली जखम होती, चपलेच्या खिळ्याने झालेली, आत चिघळलेली. मावशीला ती कळलीच नव्हती. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू मरतात. आधी आग होते, मग बधिरपणा येतो. आम्ही ज्याला गुण समजलो, तो कदाचित नस मरण्याचा पुढचा टप्पा होता. अंगठा काढावा लागला.

डॉक्टरांनी आम्हाला बोल लावला नाही. त्यांनी एकच विचारले, ‘पाय शेवटचा कधी पाहिला होता?’ दोन महिने दर आठवड्याला मी तिचा कान पाहत होते. पाय आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता.

मावशी आज काठी घेऊन चालते. कानाला ती अजूनही हात लावते, आणि मी तिला अडवीत नाही. पण आता मी गेले, की आधी तिची पावले मांडीवर घेते आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाहते.

करायचेच असेल तर

ज्यांना घरी हा उपाय करायचा आहे, त्यांनी एवढे नियम पाळावेत.

पहिला, तपासणी आधी. दुखणे कशाचे आहे ते डॉक्टरांकडून कळून घ्यावे. चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरा, हात आणि कान साबणाने धुऊन कोरडे करावेत. नुसते बोटही पुरते. बी विकत आणलीच पाहिजे असे नाही. सोसेल इतकाच दाब द्यावा. एका वेळी दोन-तीन मिनिटे, दिवसातून तीन वेळा पुष्कळ झाले. जोरात दाबल्याने गुण वाढत नाही. कातडी मात्र फुटते.

तिसरा, बी लावली तर तीन-चार दिवसांत काढावी आणि कानाला विसावा द्यावा. आपल्या दमट हवेत पट्टीखाली घाम साचतो. लाली, खाज, सूज किंवा पू दिसला, तर लगेच थांबावे. कानाच्या कूर्चेला रक्त कमी मिळते, त्यामुळे तेथे झालेला संसर्ग लवकर बरा होत नाही. म्हणून घरी सुई कधीच टोचू नये. बी कानाच्या भोकात जाणार नाही आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही, हेही पाहावे. गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

चौथा, वही ठेवावी. सहा आठवड्यांत आकडा उतरला नाही, तर तो उपाय आपल्यासाठी नव्हे असे समजावे आणि आणखी पैसे घालू नयेत. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते, की मुलाची प्रगती आठवणीवर मोजू नका, नोंदीवर मोजा. दुखण्याचेही तसेच.

आणि काही वेळा कानाला हातही लावू नये. सरळ इस्पितळ गाठावे. छातीत दाब, किंवा हातात व जबड्यात उतरणारी कळ, अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जाणे किंवा पाय लुळा पडणे, दुखण्याबरोबर ताप किंवा विनाकारण घटणारे वजन, पडल्यानंतरचे दुखणे. मधुमेह असणाऱ्यांनी पायाची प्रत्येक जखम, प्रत्येक बधिर जागा दाखवावी. मधुमेहात हृदयाचा झटकासुद्धा कधी कधी फारसे न दुखता येतो.

प्रश्न एका कानाचा नाही

आपल्याकडे आयुर्वेद आणि इतर पारंपरिक वैद्यकांचा कायदा १९८९ सालीच झाला. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ साली वेगळा कायदा आला. मार्च २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान आपल्या राष्ट्रीय दिनासाठी आले, तेव्हा मॉरिशसमध्ये आयुष उत्कृष्टता केंद्र उभारण्याबाबत दोन्ही देशांनी सहकार्याचे ठरवले. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने पारंपरिक वैद्यकाचे २०२५ ते २०३४ या काळाचे धोरण स्वीकारले. त्यातही पुरावा आणि सुरक्षितता यांवर भर आहे. हे सर्व चांगले आहे. पण कायदा उपचार करणाऱ्याकडे पाहतो. स्वतःच्या पडवीत बसून कान दाबणाऱ्या मावशीकडे कोण पाहणार?

सरकारी इस्पितळात आपल्याला तपासणीचे पैसे पडत नाहीत, ही आपल्या देशाची मोठी कमाई. पण तेथे लांब रांग असते आणि डॉक्टरांपुढे मिनिटे थोडी. जुनाट दुखणे काही मिनिटांत सांगून होत नाही. विक्रेता मात्र अर्धा तास बोलतो, नाव विचारतो, दुखणारी जागा हाताने दाबून पाहतो. माणूस बियांसाठी जितका जातो, तितकाच त्या अर्ध्या तासासाठी जातो. म्हणून नुसते ‘फसू नका’ सांगून भागणार नाही. प्रत्येक भागाच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक सकाळ दुखण्याच्या रुग्णांसाठी ठेवावी. तेथे परिचारिकेने व्यायाम शिकवावा, गोळ्यांचा हिशेब पाहावा, पाय तपासावेत. आणि कोणाला कान दाबायचा असेल, तर तोही नीट दाखवावा. ‘मुळापासून बरे करतो’ म्हणून विकणाऱ्याकडे पुरावा मागावा. आयुष केंद्र उभे राहील, तेव्हा त्याने येथल्या सांधेदुखीच्या रुग्णांच्या नोंदी ठेवून, काय उपयोगी पडते आणि काय नाही, हे आपल्याला उघड सांगावे.

आणि आपणही काही करू शकतो. आपल्या बैठका आणि महिला मंडळे गणपतीला, शिवजयंतीला गजबजतात. त्याच जागी महिन्यातून एकदा एखादी निवृत्त परिचारिका बोलावून म्हाताऱ्या माणसांची पावले तपासता येतील. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही, खर्चही लागत नाही.

पुढच्या चतुर्थीला त्या चौघी फेरात परततील की नाही, मला माहीत नाही. परतल्या तर आनंदच आहे. नाही परतल्या, तर त्यांच्या शेजारी एक खुर्ची ओढून बसावे आणि विचारावे, ‘कोठे दुखते?’ उत्तर पुरते ऐकून घ्यावे. त्यांनी कान दाबला, तर दाबू द्यावा. पण आपण मात्र खाली वाकून त्यांचा पाय पाहावा.